उघडी कोठारं

“सिस्टर, तिथं तू आपणहून काही बोलायचं नाहीस. मी बोलेन तेवढंच त्या अधिकाऱ्याला सांगायचं,” हाजी मुतलकनी मला तिसऱ्यांदा बजावलं. अँब्युलन्सच्या खिडकीतून आम्ही बाहेर धरलेली पांढरी चादर फडफडत होती आणि गाडी चालवणारा फरहान समोर उभ्या रणगाड्याकडे बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता.

“आणि तुम्ही काही बोललाच नाहीत तर?” मी विचारलं.

“तर तूही गप्प बसायचं.”

मी आणि गप्प! माझ्या आईला जन्मभर जे जमलं नाही, ते हाजींना एका दुपारी हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी नुसती मान हलवली. एवढे ताठ चालणारे हाजी, पण त्या दिवशी त्यांच्या हातातली जपमाळ एका मण्यावरच अडकून राहिली होती.

मी सरोजिनी भिंगारदिवे, नगरची. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकले आणि इराकमध्ये सरकारी नोकरी मिळाली म्हणून गेले. अबू सिद्र नावाच्या गावी मला टाकलं. खजुराची झाडं, एक कालवा, एक शाळा आणि आमचा बारा खाटांचा दवाखाना, एवढंच गाव. युद्धाची हूल उठली तशी डॉक्टर बायकापोरांना घेऊन निघून गेले. केरळच्या दोन नर्स होत्या, त्या टॅक्सी करून जॉर्डनच्या सीमेकडे गेल्या. लिसी मला ओढत होती, “चल गं, जागा आहे.” पण माझा पासपोर्ट राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवायला जिल्ह्याच्या कचेरीत गेला होता तो तिथंच अडकलेला. बिनापासपोर्टची जाणार कुठं? लिसीनं मला कैरीच्या लोणच्याची बरणी दिली, गळ्यात पडून रडली आणि गेली.

त्यानंतर मी त्या मुलखात एकटीच. एकटी म्हणजे कशी, ते इथं नगरच्या सावेडीत बसून सांगता यायचं नाही. मराठी बोलायला माणूस नाही म्हणून मी इंजेक्शनच्या सुया उकळायच्या भांड्याशी बोलायची. “उकळ बाई, उकळ लवकर, तुला तरी काय दुसरं काम आहे!” असं. रविवारी एकटीच उभी राहून गीत म्हणायची आणि मधेच आवाज बसायचा. तेवढ्यात बाहेरून हॉर्न वाजायचा आणि फरहान ओरडायचा, “ए बाई, चहा!” एवढी दोन-तीन वाक्यं मी त्याला शिकवली होती आणि ती तो दिवसभर वापरायचा. सारं गाव ज्यांना मानायचं त्या हाजींचा धाकटा मुलगा, बाविशीतला, लांब हातापायांचा, कायम हसणारा. गाडी तोच चालवायचा, पाणी तोच भरायचा, बायकांना बाळंतपणाला तोच घेऊन यायचा. त्या घरातल्या सुना मला जेवायला बोलवायच्या आणि हाजी मला मुली म्हणायचे. माझं तिथं जे काही माणूसपण शिल्लक होतं ते त्या एका घरामुळं.

आता कोठारांचं सांगते. गावाच्या उत्तरेला मातीनं झाकलेली सिमेंटची मोठमोठी घरं होती, लांबून टेकाडं वाटायची. आत दारूगोळा. किती, ते देवाला ठाऊक, पण टेकाडं दवाखान्याच्या गच्चीवरून नजर पोचेपर्यंत दिसायची. इराकी शिपाई तिथं पहाऱ्याला असायचे. परकी फौज आली तसे ते गणवेश टाकून पायघोळ झगे घालून आपापल्या घरी पळाले. मग फौजेच्या गाड्या आल्या. त्यांनी कुलपं कापली, दारं सताड उघडली, आत दिवे मारून बघितलं. त्यांना दुसरंच काहीतरी मोठं हत्यार शोधायचं होतं, ते सापडलं नाही. मग त्यांनी दारांवर हिरव्या रंगानं फुल्या मारल्या आणि निघून गेले. कुलूप नाही, माणूस नाही, काही नाही. मी गच्चीवरून बघत होते. माझा विश्वासच बसेना. अहो, आमच्या नगरला माणूस शेजारी चहाला गेला तरी दार ओढून घेतो!

दुसऱ्याच दिवशी गावकरी तिथं गेले. आधी लाकडी खोकी आणली, सरपणाला. मग पितळ.

हाजी दवाखान्यात येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसले ते त्यानंतर. “मुली, त्या टेकाडांत जे आहे ना, ते माझ्या पोरांना गिळणार,” ते म्हणाले. “थोरले दोघं फौजेतून परत आलेत. हाताला काम नाही, डोक्यात राग आहे. त्यांच्यामागून फरहान जाणार. मी बाप आहे, मला कळतं. तुला त्यांची भाषा येते. मला त्यांच्या अधिकाऱ्याकडे घेऊन चल.”

एवढ्यासाठी आम्ही निघालो होतो.

छावणी खजूर भरायच्या जुन्या कारखान्यात होती. आमची झडती झाली, मग एका ताडपत्रीखाली नेलं. कॅप्टन वयानं लहानच, तिशीचाही नसेल. उन्हानं नाकाची सालपटं निघालेली, डोळे जागून लाल. पण माणूस रीतीचा. उठून उभा राहिला, हाजींना आपली खुर्ची दिली, स्वतः खोक्यावर बसला. शिपायाला सांगून कागदी कपांतून कॉफी मागवली आणि हाजींचा कप स्वतःच्या हातानं दिला.

हाजींनी तो उजव्या हातानं घेतला आणि समोरच्या खोक्यावर ठेवला. मग हात गुडघ्यांवर ठेवून बसले.

“घरचे सगळे कसे आहेत, विचारा,” कॅप्टन म्हणाला. मी विचारलं.

“अल्लाची कृपा,” हाजी म्हणाले.

“गावात काही त्रास?”

“अल्लाची कृपा.”

कॅप्टननं आपली कॉफी संपवली. मीही संपवली, कडू जहर होती. हाजी तसेच. समोरच्या कपाकडे बघत आहेत, मग कॅप्टनकडे, मग परत कपाकडे. एक शब्द नाही. बाहेर गाड्यांची इंजिनं सुरू होत होती. एक शिपाई येऊन कॅप्टनच्या कानाशी काही बोलून गेला. कॅप्टन घड्याळ बघायला लागला. एवढा जीव मुठीत धरून आलो, आणि हा म्हातारा बोलत का नाही?

“हाजी, सांगा ना,” मी हळूच म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

“त्यांना नक्की काय हवंय?” कॅप्टननं मला विचारलं.

मग मला राहवेना. मी सरळ सांगितलं, ती दारूगोळ्याची कोठारं उघडी पडली आहेत, लोक आत शिरताहेत, तुम्ही पहारा ठेवा. हाजी त्यासाठीच आलेत.

कॅप्टननं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “बाई, मला माहीत आहे. मी वर दोनदा कळवलंय. माझ्याकडे या गाड्यांत बसतात तेवढीच माणसं आहेत आणि आम्हाला उत्तरेला निघायचा हुकूम आहे. अशी कोठारं वाटेत किती लागली, मोजणं सोडून दिलं आम्ही. मागून दुसरी तुकडी येईल, ती बघेल.”

“कधी येईल?”

“लवकर.” हे म्हणताना त्यानं नजर खाली वळवली, आणि त्याला तो कप दिसला. “अरे, यांनी घेतलीच नाही. गार झाली असेल.” तो उठला, कप उचलला, त्यातली कॉफी बाजूच्या वाळूत ओतून दिली, थर्मासमधून ताजी वाफाळती भरली, साखरेच्या दोन पुड्या फोडून टाकल्या आणि अगदी अदबीनं दोन्ही हातांनी हाजींच्या पुढं धरली. मला त्या क्षणी तो पोरगा आवडून गेला. एवढ्या धुमश्चक्रीत म्हाताऱ्या माणसाच्या गार कॉफीची फिकीर करणारा कोण असतो?

हाजी उभे राहिले. त्यांनी छातीवर हात ठेवला, “सलाम” म्हणाले आणि ताडपत्रीखालून वाकून बाहेर पडले. कॅप्टन हातात कप घेऊन उभाच राहिला.

“माझं काही चुकलं का?” त्यानं मला विचारलं.

“नाही हो. म्हातारं माणूस आहे,” मी म्हटलं आणि हाजींच्या मागं धावले.

परतीच्या वाटेवर माझा तोल सुटला. “हाजी, तुम्ही मिठाची गुळणी धरून कशाला बसलात तिथं? त्या माणसानं कामधाम सोडून आपल्याला वेळ दिला. तुम्ही चार शब्द बोलला असतात तर त्याला दोन शिपाई ठेवावेसे वाटले असते. मी परकी बाई, माझं कोण ऐकतंय!”

“त्यानं उत्तर दिलं,” हाजी म्हणाले.

“कसलं उत्तर? तुम्ही विचारलंत काय त्याला?”

“दिलं त्यानं.”

फरहाननं करकचून ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली. त्यानं मागं वळून बापाकडे बघितलं. “दिलं? ओतली?”

“हो.”

फरहान परत समोर वळला. मग त्यानं गाडी चालू केली आणि दवाखान्यापर्यंत कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं, बाप-लेक छावणीच्या धास्तीनं गप्प झालेत. मनातून मी हाजींवर चिडलेलीच होते.

सकाळी अँब्युलन्स दाराशी होती, पण फरहान नव्हता. किल्ली उंबऱ्यावर ठेवून गेला होता. मी डोक्यावर ओढणी घेतली आणि चालत छावणीवर गेले. म्हटलं, एकटीनं बोलून बघू, त्या कॅप्टनच्या पाया पडू. तिथं कुणी नव्हतं. चाकांचे माग, रिकाम्या बाटल्या आणि जेवणाची तपकिरी पाकिटं वाऱ्यावर उडत होती. मी एका खोक्यावर बसून मोठ्यानं रडले. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून बरं झालं.

मागून येणारी तुकडी आली नाही. आली ती माणसं, गाढवं, हातगाड्या, ट्रॅक्टर आणि शहराकडून अनोळखी गाड्या. टेकाडांपाशी दिवसभर जत्रेसारखी वर्दळ. लोक गोळ्यांची पितळी नळकांडी घ्यायचे आणि आतली दारू जमिनीवर ओतून द्यायचे, आणि मग कुणीतरी बिडी पेटवायचं. माझ्याकडे भाजलेले हात यायचे, भाजलेली तोंडं यायची. मलमं संपली, तेव्हा मी चादरी फाडून उकळायला लागले. एका बाईनं आपल्या नवऱ्याला पाठीवर उचलून आणलं, तो माझ्या टेबलावरच गेला. मी एकटी काय काय करणार होते? रोज संध्याकाळी हात धुताना मला वाटायचं, आज कुणीतरी मराठीत एवढंच विचारावं, “दमलीस का गं?”

फरहान अधूनमधून यायचा. कुठूनतरी कापसाचे गठ्ठे, सलाइनच्या बाटल्या आणून ठेवायचा. हसायचा नाही. बोटं काळी झालेली. मी विचारायची, “कुठं असतोस? काय करतोस?”

“काम,” तो म्हणायचा आणि जायचा.

हाजी घराबाहेर पडेनासे झाले. मशिदीतसुद्धा नाही. मला कळेना, गावात ज्यांचा शब्द खाली पडत नव्हता ते हाजी टेकाडांकडे जाऊन पोरांना कान धरून परत का आणत नाहीत. एकदा मी थोरल्या सुनेला विचारलं. ती म्हणाली, “आता ते कुणाला काय म्हणणार?” आणि भाकरी थापत राहिली.

मग एका सकाळी हाजी आले. काठी टेकत, मला ओळखू येईनात इतके वाळलेले.

“मुली, तू आता घरी जा.”

“पासपोर्ट?”

“फरहान आणेल. कचेरी फुटली आहे, कपाटं रस्त्यावर पडलीत. मी त्याला तुला सीमेपर्यंत सोडायला सांगितलंय. तुला तो नाही म्हणणार नाही.” ते थोडा वेळ दम खात बसले. “माझी बहीण जॉर्डनमध्ये आहे, झरकाला. तिला निरोप गेलाय. सीमेवर पोचलात की त्याला म्हण, माझ्याबरोबर पलीकडे चल. काहीही सांग. भीती वाटते म्हण, आजारी पड, रड. एकदा पलीकडे गेला की बहीण त्याला परत येऊ देणार नाही. माझं तो आता ऐकत नाही. तुझं ऐकेल.”

“हाजी, आणि तुम्ही?”

“थोरले दोघं माझ्या हातचे गेले. शहरातली माणसं घरी येतात, माझ्या चटईवर बसून सौदे करतात. मला हा एक वाचवू दे.” त्यांनी माझा हात धरला. त्या मुलखात परक्या बाईचा हात कुणी धरत नाही. “त्याला पलीकडे घेऊन जाशील?”

मी हो म्हटलं. येशूच्या नावानं सांगते, मी मनापासून हो म्हटलं. मला घरी जायचं होतं, आणि त्याहून जास्त मला त्या पोराला तिथून बाहेर काढायचं होतं.

दोन दिवसांत फरहान पासपोर्ट घेऊन आला. कचेरीच्या आवारातल्या ढिगात शोधला म्हणाला. पानांवर बुटाचा ठसा होता. मी तो पासपोर्ट छातीशी धरला आणि तो जरासा हसला. किती दिवसांनी!

उजाडताच निघालो. त्याच्याकडे आता पिकअप होती, नवीकोरी, कुठून आली हे मी विचारलं नाही. मागच्या हौद्यात गाद्यांचा ढीग दोरीनं घट्ट बांधलेला, त्यावर माझी ट्रंक. “एवढ्या गाद्या कुणाला?” मी विचारलं. “आत्यासाठी,” तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, म्हणजे याच्याही मनात पलीकडे जायचं आहे.

मग काय, मी सुटलेच. वाळवंटातून रस्ता सरळ जात होता आणि माझी बडबड त्याहून सरळ. झरकाला कसं असेल, आत्याचे मुलगे गॅरेज चालवतात म्हणे, तुझ्यासारख्या मुलाला कुठंही काम मिळेल, नंतर मी तुला नगरला बोलवीन, आमच्याकडची मिसळ खाऊन डोळ्यांतून पाणी काढशील. तो ऐकत होता. मधे एकदा म्हणाला, “तुझ्या गावी मी काय करू, सिस्टर?”

“रिक्षा चालव. माझी आई तुला रोज चर्चला न्यायला लावेल.”

“मशीद आहे ना?”

“अरे, हव्या तेवढ्या.”

तेव्हा तो खरंच हसला, पूर्वीसारखा. मला वाटलं, जमलं. हाजी, जमलं बघा!

तेवढ्यात गाडी एका खड्ड्यात आदळली आणि मागून आवाज आला. गाद्यांचा नव्हे. लोखंडावर लोखंड आपटल्याचा जड आवाज.

“थांबव,” मी म्हटलं.

“सिस्टर—”

“थांबव म्हणते ना!”

मी उतरले, मागं गेले आणि गादीचा कोपरा उचलला. तोफेचे गोळे. मडकी बाजाराला न्यावीत तसे गवतात नीट ओळीनं लावलेले. इतका वेळ मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून मिसळीच्या गप्पा मारत होते. फरहान माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

“टाकून दे,” मी म्हटलं. “इथंच टाक आणि चल माझ्याबरोबर.”

“विकले गेलेत. पुढच्या तिठ्यावर माणसं थांबली आहेत.”

“विकले गेले तर गेले! ती माणसं काय करणार आहेत याचं? रस्त्यात पुरणार, त्यावरून कोण जाणार हे त्यांना तरी माहीत आहे का? बायकापोरं जातील, तुझ्यासारखे ड्रायव्हर जातील. तुझ्या बापाला काय वाटेल?”

“बापाचं नाव काढू नकोस!” तो एकदम ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, “तू तिथं होतीस. तू बघितलंस. त्या कॅप्टननं बाबांची कॉफी मातीत ओतली.”

“अरे, गार झाली होती रे! त्यानं दुसरी गरम करून दिली. चांगल्या मनानं दिली.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “तुला माहीत नाही? तीन वर्षं आमच्यात राहिलीस आणि तुला माहीत नाही?”

“काय माहीत नाही?”

“माणूस काही मागायला जातो तेव्हा यजमानाची कॉफी पीत नाही. समोर ठेवतो. तोंडानं काही बोलत नाही. यजमानानं म्हणायचं असतं, ‘कॉफी घे, तुझं काम झालं समज.’ मग तो पितो, आणि मग आपलं मागणं सांगतो.”

“आणि यजमानानं ओतून दिली तर?”

“मग नाही. कायमचं नाही. परत त्या दारात पाऊल टाकता येत नाही.”

मी तिथंच रस्त्यावर बसले. बायकांच्या खोलीत आम्ही साखरेचा चहा पेल्यावर पेले ढोसायचो, तिथं कोण कुणापुढं कप ठेवून बसणार! पुरुषांच्या बैठकीत माझं कधी पाऊल पडलं नव्हतं. “पण मी सांगितलं ना त्याला,” मी म्हटलं, “पहारा हवाय म्हणून स्पष्ट सांगितलं.”

“बाबा पहारा मागायला गेले नव्हते, सिस्टर. पहारा द्यायला गेले होते.”

“द्यायला? म्हणजे काय?” मी विचारलं.

“कॅप्टननं एवढंच म्हणायचं होतं की हाजी, ही कोठारं तुमच्या हवाली. झालं! मग ती बाबांच्या शब्दावर असती. चारी बाजूच्या गावांतला एक माणूस आत शिरला नसता. माझा सख्खा भाऊ शिरला असता तर मी दारात उभा राहून त्याला गोळी घातली असती आणि बाबांनी माझी पाठ थोपटली असती. त्यांनी गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. माणसं निवडली होती. पहिल्या पाळीला मी होतो.”

“मग त्यांनी आपणहून का नाही ठेवला पहारा?”

“कुणीच हवाली केलं नसताना? मग लोक म्हणाले असते, हाजीला सगळं एकट्यालाच गिळायचं आहे. दुसऱ्या टोळ्या बंदुका घेऊन आल्या असत्या. त्यांच्याकडे शब्दच नव्हता तर ते कुणाला कशावरून अडवणार? कॉफी ओतली त्या दिवसापासून बाबा घरात तोंड लपवून बसलेत. थोरले भाऊ म्हणाले, तुमची अब्रू त्या माणसानं मातीत मिळवली, आता आम्ही काय करायचं ते आम्हाला सांगू नका.”

एक शब्द लागला असता. ‘घ्या’ म्हणायचं होतं. त्या नाक सोललेल्या, झोप न झालेल्या पोराला मी इंग्रजीत तेवढा एक शब्द सांगितला असता तर त्यानं आनंदानं म्हटला असता. पण मला ठाऊकच नव्हतं, त्याला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते रीत मोडून बोलणार नव्हते. मला इतका राग आला, कुणाचा तेही कळेना. मी मुठीनं रस्ता बडवला.

फरहाननं मला हाताला धरून उठवलं. “चल. तुला उशीर होईल.”

“फरहान, ऐक. सीमा समोर आहे. आत्या वाट बघतेय. तुझ्या बापानं मला हात धरून सांगितलंय, याला पलीकडे ने म्हणून. मी तुझ्या पाया पडते.”

त्याला ते माहीत नसावं. त्यानं बुटाच्या टोकानं डांबर उकरलं. मला वाटलं, येतोय. देवा येशू, मला क्षणभर खरंच वाटलं की तो येतोय.

“बाबांनी सांगितलं?”

“हो रे. तुझ्या बाबांनीच.”

“त्यांना आमचं घर कुठं आहे ते माहीत आहे, सिस्टर,” तो म्हणाला, आणि त्याला ती तिठ्यावरची माणसं म्हणायची होती. “माल घेऊन मी गायब झालो तर ते बाबांकडे जातील.”

मी गाडीत जाऊन बसले. सांगा, तुम्ही काय बोलला असतात?

तिठ्यावर पांढरी गाडी उभी होती, तोंडं बांधलेली माणसं होती. फरहाननं मला लांबच उतरवलं. सीमेकडे जाणाऱ्या टॅक्सीवाल्यांत आमच्या बाजूचा एक म्हातारा होता, अबू लैथ. त्याच्या गाडीत माझी ट्रंक चढवली, पुढची सीट पुसून दिली, माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. मी त्याची बाही धरली. त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली, अगदी हळू, आणि चालत आपल्या पिकअपकडे गेला. मागं वळून बघितलं नाही. टॅक्सी निघाली तरी मी मान मोडून मागं बघत होते, पण धुळीत काही दिसेना.

सीमेवर तंबूंची, माणसांची, सामानाची नुसती रेटारेटी. शिपायानं माझा पासपोर्ट उलटापालटा केला, बुटाच्या ठशाकडे बघितलं आणि शिक्का मारला. मी पलीकडच्या रांगेत उभी राहिले. अबू लैथ माझी ट्रंक ठेवून परत निघाला. इंजिन चालू ठेवून त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“सिस्टर, परवा मी अबू सिद्रवरून जाणार आहे. हाजी मुतलक रस्त्यावर येऊन बसतील, मला माहीत आहे. त्यांना काय सांगू?”

फरहान पोचला म्हणून सांगावं, असं एकदा मनात आलं. म्हाताऱ्याचे चार दिवस सुखाचे जातील. पण परवाच फरहान रिकामी गाडी घेऊन घरी येणार होता.

मागची माणसं मला पुढं ढकलत होती. मी वाकून खिडकीशी तोंड नेलं.

“त्यांना सांगा, मी पोचले.”

“एवढंच?”

“हो. एवढंच सांगा. मी पोचले.”